भुताला हसणारा प्रेक्षक : अल्पखर्ची मराठी भयविनोदी चित्रपट आणि मराठवाड्यातील प्रेक्षकमताच्या इतिहासाची साधने

प्रस्तावना :

जालना जिल्ह्यातील भोकरदन हे तालुक्याचे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. केळना नदीच्या काठी वसलेल्या या नगरातील दात्यांचा उल्लेख सांची व भारहूत येथील स्तूपांच्या शिलालेखांत येतो. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या एखाद्या सामान्य माणसाने दूरच्या स्तूपासाठी दान दिले, तेव्हा त्याच्या गावाचे नाव दगडावर कोरले गेले आणि त्याचे मन कोणत्या बाजूस होते हे इतिहासाला कळले. १९७३ साली नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. त्यात सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पॉम्पेई येथील मूर्तीशी असलेले साम्य आज सर्वश्रुत आहे. सातवाहनकालीन भोकरदनकरांना काय आवडत होते, याविषयी अशा रीतीने दोन शब्द तरी लिहिता येतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस याच गावात, याच पंचक्रोशीत चित्रपट पाहणारा माणूस मात्र कोठेही कोरला गेलेला नाही. त्याने कोणता चित्रपट पुन्हा पाहिला, कोठे शिट्टी वाजवली आणि कोणत्या प्रसंगी शेजाऱ्याचा हात घट्ट धरला, याची नोंद ठेवण्याची गरज कोणास वाटली नाही.

प्रस्तुत लेखात या नोंद न झालेल्या मताचा विचार केला आहे, आणि तोही चित्रपटांच्या अशा एका प्रकाराच्या संदर्भात की ज्याला मराठी चित्रपटाच्या लिखित इतिहासात फारसे मानाचे पान मिळालेले नाही. भुताची भीती आणि विनोद यांची सांगड घालणारा, मोजक्या पैशांत उभा राहिलेला भयविनोदी चित्रपट हा तो प्रकार होय. ‘एक डाव भुताचा’ (१९८२), ‘भुताचा भाऊ’ (१९८९), ‘झपाटलेला’ (१९९३) आणि ‘पछाडलेला’ (२००४) हे चार चित्रपट येथे प्रामुख्याने विचारात घेतले आहेत.

दोन निकाल :

२००४ हे वर्ष मराठी चित्रपटाच्या इतिहासात ‘श्वास’चे वर्ष म्हणून नोंदले गेले आहे आणि ते योग्यच आहे. ‘श्यामची आई’नंतर सुमारे अर्धशतकाने मराठी चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले, भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तो ऑस्करसाठी गेला, आणि मराठी चित्रपटाच्या ‘पुनरुज्जीवना’ची भाषा तेथून सुरू झाली. परंतु त्याच वर्षी महेश कोठारे यांचा ‘पछाडलेला’ही प्रदर्शित झाला होता. तीन मित्र, एक जुना वाडा, त्यात वावरणारा इनामदार भुसनळे आणि त्याचा मुलगा बाब्या, एवढ्या सामग्रीवर तो उभा आहे. पुरस्कारांच्या यादीत त्याला शोधण्यात अर्थ नाही. तथापि दोन दशकांनंतर मराठवाड्यातील कोणत्याही महाविद्यालयाच्या वर्गात ‘श्वास’मधील आजोबांचे नाव विचारले आणि ‘पछाडलेला’मधील भुताचे नाव विचारले, तर कोणत्या प्रश्नाला अधिक हात वर होतील, हे सांगण्यास सर्वेक्षणाची आवश्यकता नाही.

येथे ‘श्वास’ला कमी लेखण्याचा हेतू नाही. मुद्दा असा की एकाच वर्षाविषयी दोन निकाल लागले; एक लिहिला गेला आणि दुसरा केवळ बोलला गेला. इतिहासलेखनाने लिहिलेला निकाल उचलला. १९८५ ते १९९५ या कालखंडाचे वर्णन ‘विनोदी चित्रपटांची लाट’ या तीन शब्दांत उरकण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्या मुळाशी हेच आहे. लाट म्हटले की ती ओसरली असे म्हणता येते आणि किनाऱ्यावर काय उरले हे पाहण्याची जबाबदारी टळते.

अल्पखर्चाचे स्वरूप :

मराठी चित्रपटाचे अल्पखर्चीपण ही कलावंतांची हौस नव्हती, ती बाजारपेठेची मर्यादा होती. मुंबईत हिंदी चित्रपटाच्या सावलीत आणि ग्रामीण भागात मोजक्या चित्रपटगृहांच्या भरवशावर त्याला जगावे लागले. १९७५ पासून शासनाने करमणूक कर परताव्याची योजना लागू केली आणि तिच्यामुळे निर्मात्याला पुढचा चित्रपट काढण्याइतके बळ मिळू लागले. भयविनोदी चित्रपटाला ही काटकसर विशेष मानवली. भुताला पोशाख फारसा लागत नाही, वाडा एकच पुरतो, आणि अंधारात नेपथ्याचे दोष झाकले जातात. महेश कोठारे यांचे वेगळेपण असे की त्यांनी या काटकसरीतही तंत्राचा हव्यास सोडला नाही. ‘धडाकेबाज’ (१९९०) हा त्यांनी सिनेमास्कोपमध्ये आणला, ‘झपाटलेला’त बोलक्या बाहुल्यांच्या कलेला खलनायकाचे स्थान दिले आणि ‘झपाटलेला २’ (२०१३) त्रिमितीत काढला.

‘झपाटलेला’चे मूळ कल्पनाबीज अमेरिकेत १९८८ साली आलेल्या ‘चाइल्ड्स प्ले’ या चित्रपटात आहे, ही गोष्ट अनेकदा आरोपाच्या सुरात सांगितली जाते. मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो, एवढे साम्य उघड आहे. परंतु मूळ चित्रपट एका एकट्या आईच्या लहान मुलाचा आहे. मराठीत बाहुला येतो तो लक्ष्मीकांत बेर्डे यांनी रंगविलेल्या, बोलक्या बाहुल्यांचे वेड असलेल्या एका साध्याभोळ्या गावकरी तरुणाच्या हाती. बाहुला रामदास पाध्ये यांनी घडविलेला आहे. य. के. पाध्ये यांच्या ‘अर्धवटरावा’पासून मराठी प्रेक्षकाला बाहुला बोलतो तेव्हा खरे कोण बोलते हे ठाऊक होते, आणि दूरदर्शनच्या काळात पाध्ये यांच्या बाहुल्या घरोघरी पोहोचल्या होत्या. जो बाहुला आजवर हसवीत आला तोच आता मारावयास उठतो, ही ‘झपाटलेला’ची खरी भर आहे आणि ती हॉलिवूडमधून आलेली नाही.

सोंगाची कसोटी :

शहरी समीक्षकाचा नेहमीचा आक्षेप असा की अशा चित्रपटांतील भूत खोटे दिसते. बाहुल्याची हालचाल ताठर आहे, रात्र निळ्या प्रकाशाची आहे, रक्त रंगाचे आहे. हा आक्षेप खरा आहे, परंतु गैरलागू आहे. ग्रामीण प्रेक्षकाला हे दिसत नव्हते असे मानणे म्हणजे त्याच्या डोळ्यांविषयी अविश्वास दाखविणे होय. त्याला ते दिसत होते आणि तरी तो घाबरत होता. घाबरून झाल्यावर स्वतःच्या घाबरण्यावर हसतही होता. ही दुहेरी क्रिया समजून घेण्यासाठी चित्रपटगृहाच्या बाहेर, मराठवाड्याच्या स्वतःच्या करमणूक परंपरेकडे जावे लागते.

पैठणच्या एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांत जोशी, गोंधळी, वासुदेव, विंचू यांच्याबरोबर भूतही आहे. देवालाच झाड धरणारे भूत ठरवून त्यांनी बाधेची सगळी भाषा भक्तीकडे वळविली. भारुड सादर करणारा माणूस गावातलाच असतो. घोंगडी पांघरून, केस मोकळे सोडून घुमणारे ते भूत म्हणजे आपल्या आळीतला अमुक आहे, हे पुढे बसलेल्या लहान मुलालाही माहीत असते. तरीही ते अंगावर धावून आले की मूल आईच्या पदराआड लपते आणि सभा हसते. ललित, सोंगे, तमाशातील वग या सर्वांत हाच करार आहे. सोंग खरे दिसावे अशी कोणाची अपेक्षा नसते. ते पुरते वठावे, अर्धवट सोडू नये, एवढीच अपेक्षा असते. भूत आहे तर त्याने भुतासारखे हट्टी असावे, खादाड असावे, अपमान लक्षात ठेवावा. तात्या विंचू हे या कसोटीला उतरलेले सोंग आहे. त्याचे लाकडी शरीर प्रेक्षकाच्या आड आले नाही, कारण शरीर हा कराराचा भागच नव्हता.

दिलीप प्रभावळकर हे या संपूर्ण परंपरेतील सलग सूत्र आहे, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. द. मा. मिरासदारांच्या लेखणीतून उतरलेल्या ‘एक डाव भुताचा’मध्ये ते भुताच्या तावडीत सापडलेले मास्तर आहेत, ‘झपाटलेला’त ते तात्या विंचू हा गुंड आहेत, म्हणजे भूत होण्यापूर्वीचा माणूस, आणि ‘पछाडलेला’त ते स्वतःच भूत आहेत. बावीस वर्षांत एकाच नटाने झपाटल्या जाणाऱ्यापासून झपाटणाऱ्यापर्यंतचा प्रवास पूर्ण केला. प्रेक्षकाने त्याला प्रत्येक वेळी ओळखले आणि ओळखूनही मान्य केले. मिरासदार हे मराठी कथेतील ग्रामीण विनोदाचे मोठे नाव. त्यांच्या कथेतील भूत बहुधा माणसाच्या भीतीतून आणि गप्पांतून जन्मते, हेही येथे लक्षात ठेवावयास हवे. चित्रपटाने ते भूत प्रत्यक्ष उभे केले.

भूत कोणाचे? :

प्रेक्षक कोणाला हसत होता, हा प्रश्न त्याला काय आवडले यापेक्षा इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. १९८२ च्या चित्रपटात अशोक सराफ यांनी रंगविलेल्या भुताचे नाव खंडोजी फर्जंद आहे. नावावरूनच ते तलवारबहाद्दरांच्या जमान्यातील आहे. आता मात्र ते एका मास्तराच्या मागे लागले आहे. १९८९ मध्ये मारला गेलेला भाऊच भूत होऊन येतो. १९९३ मध्ये गुन्हेगार बाहुल्यात शिरतो आणि दुष्टतेसह गावात येतो. २००४ मध्ये भूत इनामदाराचे आहे.

मराठवाड्यातील प्रेक्षकाला ‘इनामदार’ हा शब्द कोशातून शिकावा लागला नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या आणि १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने इनामांचाही कायदेशीर शेवट झाला. कायद्याने इनामे गेली. वाडे उभे राहिले. पडक्या भिंतींचा, वटवाघळांचा, दिवेलागणीनंतर ज्याच्या बाजूने जाऊ नये असे सांगितले जाई असा वाडा अनेक गावांत होता. ज्यांच्या आजोबांनी त्या वाड्याच्या दारात पागोटे काढून हात जोडले, त्यांच्या नातवंडांनी त्याच वाड्यातील भुताला पडद्यावर पाहून खदाखदा हसावे, ही घटना साधी नव्हे. ‘पछाडलेला’ ही काही सामंतशाहीवरील टीका नाही, आणि तिच्या कर्त्यांनी तसा दावाही केलेला नाही. परंतु मेलेली सत्ता भूत होऊन मागे राहते, तिच्या इच्छा अपुऱ्या असतात आणि ती आता फक्त हास्यास्पद उरते, हे त्या कथेचे हाड आहे. जमिनीच्या कायद्यांच्या इतिहासात ज्या भावनेला जागा मिळाली नाही तिला तेथे जागा मिळाली. चित्रपटाच्या परीक्षणांपेक्षा हे हास्य अधिक बोलके साधन आहे.

हसणे आणि न मानणे :

तथापि येथे थांबणे सोयीचे झाले तरी प्रामाणिक ठरणार नाही. भुताला हसणारा प्रेक्षक भूत मानत नव्हता, असा निष्कर्ष काढता येत नाही. मराठवाडा हा भानामतीचा मुलूख म्हणून कुप्रसिद्ध आहे. लगतच्या कर्नाटक व तेलंगणाच्या भागांतही ही समजूत खोलवर आहे. घरावर अचानक दगड पडतात, कपडे पेटतात, बायका एकाएकी घुमू लागतात, आणि मग संशय कोणावर तरी जातो. तो संशय क्वचितच इनामदारावर गेला. तो बहुतेक वेळा एखाद्या एकट्या, गरीब, विधवा वा परित्यक्ता स्त्रीवर गेला.

या पार्श्वभूमीवर वर उल्लेखिलेल्या चारही चित्रपटांतील प्रमुख भुते पुरुषांची आहेत, ही बाब डोळ्यांत भरते. लोकसमजुतीत हडळ, जखीण, लावसट अशा स्त्रीभुतांची रेलचेल असताना विनोदासाठी निवडली गेली ती भुते पुरुषांची. याचा एक अर्थ असा की मराठी चित्रपटाने बाईच्या बाधेची थट्टा केली नाही, आणि ते एका परीने बरेच झाले. दुसरा अर्थ असा की जे भूत गावात खरोखर माणसाचा बळी घेते त्याच्या वाटेला हा विनोद गेलाच नाही. दोन्ही अर्थ खरे मानावे लागतात. हिंदीत २०१८ साली आलेल्या ‘स्त्री’ या चित्रपटाने चंदेरीच्या पुरुषांना रात्री घराबाहेर पडण्याची भीती घातली आणि स्त्रीभुताचा प्रश्न विनोदात आणला. मराठीतील या चार चित्रपटांनी ते धाडस केलेले नव्हते.

१९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. योगायोग असा की ‘भुताचा भाऊ’ याच वर्षीचा. पुढील योगायोग अधिक अस्वस्थ करणारा आहे. ७ जून २०१३ रोजी तात्या विंचू त्रिमितीत परतला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. भूत उतरविण्याच्या बहाण्याने माणसाला बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, केस उपटणे, हे त्या कायद्याने गुन्हे ठरविले. यांतील कोणतीही गोष्ट पटकथाकाराने कल्पिलेली नव्हती. एका पडद्यावर बाहुल्याला पाहून मुले किंचाळत आणि हसत होती, आणि त्याच राज्यात भुताच्या नावाने होणारी मारहाण थांबविण्यासाठी कायद्याचे कलम लिहावे लागत होते.

अशा चित्रपटांनी अंधश्रद्धा वाढविली, असा आक्षेप घेतला जातो. तो सिद्ध करण्यास पुरावा लागेल आणि तो उपलब्ध नाही. या चित्रपटांनी ती घटविली, या म्हणण्यालाही पुरावा नाही. लोकपरंपरेकडे पाहता इतके मात्र म्हणता येते की भुताला हसणे आणि भूत मानणे या एकाच माणसाच्या दोन सवयी असू शकतात. पहिली लोकांत बसलेली असताना येते, दुसरी एकटे चालताना. मेळ्यातून किंवा टॉकीजमधून परतणारा गडी गावच्या वेशीपर्यंत तात्या विंचूची नक्कल करतो आणि पिंपळाजवळ आला की गप्प होतो. दोन्ही ठिकाणी तो खोटे वागत नाही.

साधनांचा प्रश्न :

प्रेक्षकाच्या या मताचा इतिहास लिहावयाचा तर साधने कोणती? चित्रपट तालुक्याला पोहोचत असे तो विलंबाने. जत्रेतील तंबू थिएटर, तालुक्याची टॉकीज, लग्नसराईत भाड्याने आणलेला व्हिडिओ, दूरदर्शनवरील मराठी चित्रपट, पुढे सीडी, १९९९ मध्ये सुरू झालेली अल्फा मराठी आणि २००७ ची झी टॉकीज, असा त्याचा प्रवास होता. फिरत्या तंबूंची अखेरची वर्षे ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटाने टिपली आहेत, ती प्रामुख्याने प्रक्षेपक यंत्राच्या आणि मालकाच्या बाजूने. तंबूत मातीवर बसलेला माणूस तेथेही बहुतांशी चेहरा म्हणूनच दिसतो. वाहिन्यांनी मात्र एक गोष्ट केली. ‘झपाटलेला’ व ‘पछाडलेला’ इतक्या वेळा दाखविले गेले की १९९३ मध्ये जन्मलाही नव्हता तो प्रेक्षक त्यांचा खरा प्रेक्षक झाला. तिकीट काढून पाहणाऱ्याचे मत आणि दुपारी जेवताना पंधराव्यांदा पाहणाऱ्याचे मत एकाच मापाने मोजता येत नाही. पहिल्याला शेवट ठाऊक नसतो, दुसऱ्याला संवाद पाठ असतात.

कागदोपत्री साधन म्हणावे असे एकच आहे आणि ते रूक्ष आहे. चित्रपटगृहाला परवाना जिल्हा प्रशासनाकडून मिळे, प्रत्येक खेळाच्या तिकिटांवर करमणूक कर भरावा लागे, आणि वितरकाकडे रोजच्या गल्ल्याचा तपशील जाई. व्यवसायात त्याला ‘डीसीआर’ म्हणतात. कोणत्या आठवड्यात किती तिकिटे फाटली हे त्यात असते. प्रेक्षकाने दिलेले लेखी मत ते एवढेच. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या अंमलाबरोबर चित्रपटाच्या तिकिटावरील राज्याचा करमणूक कर संपला आणि त्या नोंदींचे प्रशासकीय प्रयोजनही संपले. शासकीय अभिलेखांच्या वर्गवारीत ‘अ’ वर्गच तेवढा कायम जतनाचा असतो. बाकीचे कागद मुदतीनंतर निकाली निघतात. बंद पडलेल्या टॉकीजच्या मालकाकडील वह्यांना तर कोणतीच वर्गवारी नाही. मंगल कार्यालय वा व्यापारी गाळे होताना जुने सामान निघते त्यात त्या जातात. भोगवर्धनचे दानलेख दोन हजार वर्षे टिकले. या वह्यांच्या वाट्याला वीस वर्षेही येतील याची शाश्वती नाही.

उरते ती तोंडी साक्ष. ती देणारी पिढी अद्याप आहे. तंबू उभारणारे, टॉकीजच्या दारावर तिकीट फाडणारे, रिक्षातून कर्ण्यावर जाहिरात पुकारणारे आणि चित्रफितीची रिळे एसटीने पोहोचविणारे कितीतरी लोक आज साठी-सत्तरीत आहेत. मराठवाड्यातील महाविद्यालयांत मुक्तिसंग्रामाच्या मौखिक इतिहासाचे काम झाले आहे, म्हणजे पद्धत नवी शिकावयाची नाही. प्रश्नावली मात्र बदलावी लागेल. ‘चित्रपट आवडला का’ या प्रश्नाला तीस वर्षांनी एकच उत्तर येते, कारण आठवण चांगल्या गोष्टीच ठेवते. ‘झपाटलेला’ कोणाबरोबर पाहिला, बायका कोठे बसल्या होत्या, लहान पोरांना आणले होते की घरी ठेवले, बाहुला पहिल्यांदा डोळे उघडतो तेव्हा तंबूत कसला आवाज झाला, आणि खेळ सुटल्यावर घरी कोणत्या वाटेने गेलात, असे प्रश्न विचारावे लागतील. २०२४ मध्ये कोकणातल्या मुंज्यावर हिंदीत निघालेल्या ‘मुंज्या’ने शंभर कोटींहून अधिक गल्ला केला, त्याच्या दिग्दर्शकाने त्यापूर्वी ‘झोंबिवली’ (२०२२) हा मराठी चित्रपट काढलेला होता; त्या यशाची चर्चा आकड्यांत झाली. सोडमुंज होण्यापूर्वी मेलेल्या मुलाचा मुंज्या पिंपळावर बसतो, हे पटकथेआधी आजीकडून ऐकलेला प्रेक्षक त्या आकड्यांत किती होता, ते तिकीटबारी सांगत नाही. घरी कोणत्या वाटेने गेलात, हा प्रश्न त्यालाही लागू पडतो.